अडून बसणाऱ्या बाई

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई वर्गात शिकवत नाहीत, ही बातमी मी रुजू झाले त्याच दिवशी शिपायाने मला दिली. मी भूगोलाची नवीन बाई, नेमणुकीचा कागद अजून हातात, आणि हा मला जिन्यात गाठून हळू आवाजात सांगतोय, "दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या नादाला लागू नका मॅडम. तासभर खडूला हात लावत नाहीत. पोरांनाच उभं करतात." मला वाटलं, असेल एखादी कामचुकार. प्रत्येक शाळेत एक असतेच.

दोन दिवसांनी त्यांच्या वर्गावरून जाताना आतून इतका कल्ला ऐकू आला की मला वाटलं वर्ग मोकळा आहे. दारातून डोकावले. बाकं एकमेकांकडे तोंडं करून फिरवलेली. तीन पोरं फळ्यापाशी खडूवरून ओढाताण करतायत, एक मुलगी बाकावर गुडघे टेकून ओरडतेय, "अरे येड्या, ते वजा आहे, वजा!" शिक्षकाच्या खुर्चीवर एक पर्स आणि एक छत्री ऐटीत बसलेली. बाई कुठे म्हणून बघते, तर शेवटच्या बाकावर दोन दांडगट पोरांच्या मधे. मला बघून त्यांनी सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "ये, बस. मजा चालली आहे."

मी काही बसले नाही. मला स्वतःच्या वर्गात टाचणी पडली तरी आवाज यावा अशी शांतता लागायची, आणि त्या शांततेत माझा स्वतःचा आवाज मला फार आवडायचा. बाईंनी तो एकदा बाहेर उभं राहून ऐकला. मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "छान बोलतेस गं. पृथ्वी फिरते, समुद्राला भरती येते, ओहोटी येते, सगळं तूच करतेस. पोरं काय करतात?" आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोलले नव्हते.

दिसायला बाई अगदी चारचौघींसारख्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डाव्या हातात हिरव्या बांगड्या आणि उजव्या हातात एकही नाही, कारण लिहिताना त्या वाजतात. राहायला ठाकूरद्वारला, एका वाडीतल्या दोन खोल्यांत. आमची शाळा लालबागची, मराठी माध्यमाची, म्हणजे दर वर्षी एक तुकडी कमी होणारी. बाई बसने यायच्या आणि दोन स्टॉप आधी उतरून चालत यायच्या. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "तू सांग. का बरं येत असेन?" आणि थांबायच्या.

हे थांबणं म्हणजे बाईंचा रोगच होता म्हणा. साधी गोष्ट सांगतानाही त्या मधेच अडून बसायच्या. स्टाफरूममध्ये एखाद्या लग्नातली भानगड सांगायला लागल्या, सगळ्यांचे डबे उघडे, घास हातात, आणि ऐन रंगात आल्यावर बाई गप्प. "आता मला सांगा, नवऱ्यामुलाच्या आत्याने काय केलं असेल?" आम्ही म्हणायचो, बाई, सांगा ना, तास सुरू होईल. बाई ढिम्म. कुणीतरी काहीतरी अंदाज केल्याशिवाय आत्या मांडवातून हलायची नाही. बरं, अंदाज चुकला तर सुटका व्हावी की नाही? तर नाही. "असं का वाटलं तुला?" हे वर. एकदा मी वैतागून म्हटलं, "आत्या मेली." बाई दोन मिनिटं हसल्या आणि त्या दिवशी मला ती गोष्ट पूर्ण ऐकायला मिळालीच नाही.

या खोडीची सुरुवात कुठून झाली ते मात्र बाईंनी मला न अडता, एका दमात सांगितलं होतं. लॉकडाऊनमध्ये आपण सगळेच फोनसमोर बसून शिकवत होतो. बाईही शिकवायच्या. समोर पोरांच्या नावांचे काळे चौकोन, चेहरा एकाचाही नाही. एके दिवशी बाईंनी बहुपदींचा सगळा भाग शिकवला, घसा दुखेपर्यंत शिकवला, आणि शेवटी रोजच्यासारखं खाली लिहून विचारलं, "समजलं का?" भराभर उत्तरं आली. हो बाई. हो बाई. समजलं बाई. थँक्यू बाई. फोन बंद करायला गेल्या तेव्हा बाईंना दिसलं की त्यांचा माइक पहिल्यापासून बंदच होता. तासभर एकाही पोराला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं.

"मी पोरांवर नाही चिडले," बाई म्हणाल्या. "मी विचार केला, शाळेत माइक चालू असताना तरी यापेक्षा वेगळं काय होत होतं?"

त्या दिवसापासून 'समजलं का' हा प्रश्न बाईंनी टाकून दिला. तो प्रश्नच लबाड आहे म्हणायच्या. पोरं हो म्हणतात आणि मास्तर खूश होतो, दोघांचाही वेळ बरा जातो.

मग त्यांनी स्वतःचे व्हिडिओ करायला घेतले. शाळा पुन्हा भरल्या, आम्ही बाकीच्यांनी सुटलो म्हणून फोन पर्समध्ये टाकले. बाईंनी उलटं केलं. शिकवायचं ते व्हिडिओत, ते पोरांनी आदल्या संध्याकाळी घरी बघायचं, आणि वर्गात फक्त गणितं सोडवायची, अडायचं आणि भांडायचं. "ऐकायचं काम घरी करा. इथे हात काळे करायला या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखादं पोर फळ्यावर चुकलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "चुकलास? वा! चला, आता बोलण्यासारखं काहीतरी मिळालं."

व्हिडिओ त्यांच्या स्वयंपाकघरात व्हायचे. ताटाळ्याच्या वरच्या कप्प्यात फोन पालथा ठेवायचा आणि खाली ओट्यावर जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं. व्हिडिओत बाईंचा चेहरा नाहीच, फक्त बिनबांगडीचा हात आणि पेन. रेकॉर्डिंग चालू असलं की गॅलरीच्या कठड्यावर एक लाल टॉवेल पडायचा. टॉवेल दिसला की शेजारच्या काकू कुकर लावायच्या थांबायच्या आणि त्यांचे यजमान खोकायला जिन्यात जायचे. ऐकायची नाही ती फक्त कोळीण. गुणोत्तराच्या धड्यात ती मधेच "ए पापलेट, बोंबीऽल" करून गेली. दुसरं कुणी असतं तर ते कापून टाकलं असतं. बाईंनी तिथेच पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत? तिच्या टोपलीत दर तीन पापलेटांमागे सात बोंबील आहेत असं धरू." त्या गणिताने कोळणीला वर्गात इतकी प्रसिद्धी मिळाली, आणि बाईंनी ती तिच्या कानावर घातली, की पुढे टॉवेल दिसला की ती मुद्दाम दाराशी येऊन ओरडायची.

आणि हे व्हिडिओही बाईंसारखेच अडेलतट्टू. मधेच थांबायचे. पडद्यावर प्रश्न यायचा आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकायचं नाव नाही. बोटाने पुढे ढकलायला गेलं तरी नाही. चुकीचं उत्तर दिलं की बाईंचा आवाज, "बरं. असं का वाटलं?" आणि तोच भाग थोडा निराळा करून पुन्हा. कोण कुठे अडला ते सगळं बाईंच्या फोनवर यायचं. सकाळी बसमध्ये आणि मग त्या दोन स्टॉपच्या चालीत त्या कुणाला कुणाशेजारी बसवायचं ते ठरवायच्या. हुशारला कच्च्याशेजारी बसवायचं, हे आपलं जुनं शहाणपण. बाई दोन वेगवेगळ्या चुका करणाऱ्यांना शेजारी बसवायच्या. दोघंही आपलंच बरोबर म्हणून इरेला पेटायचे आणि भांडता भांडता तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे बरोबर उत्तरापाशी, पोचायचे.

याच्यावर कळस म्हणजे प्रत्येक व्हिडिओत बाई एक चूक मुद्दाम करायच्या. कुठे, ते सांगायच्या नाहीत. ती दिसली की खाली 'थांबा बाई' असं बटण होतं, ते दाबायचं. नाही दाबलं तर गणित गुमान पुढे जायचं आणि शेवटी आजोबांचं वय एकोणीस यायचं, किंवा टाकीत उणे चाळीस लिटर पाणी भरायचं. मग बाईंचा शांत आवाज, "पटतंय?" पोरांना या चुका पकडायचं असं वेड लागलं की ती माझ्याही तासाला टपून बसायला लागली. ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत मला दोनदा थांबवलं. तेव्हा राग आला. आज त्याच पोरांबद्दल अभिमान वाटतो, हेही सांगून टाकते.

पालकांना मात्र हे पटेना. आमची पोरं लालबाग-चिंचपोकळीच्या चाळींतली. एक खोली, घरात एकच धड फोन, तो बाप कामावरून आल्यावर मिळणार. आला की भिंतीला टेकवून धडा लावायचा, त्यासाठी टीव्ही बंद. भाकऱ्या थापणारी आई, खाटेवर आडवा झालेला बाप, सगळ्यांनी ते गणित निमूट ऐकायचं. आधी कुरकुर झाली, मग दहावीच्या पालकांनी मिळून तक्रार केली. बाई शाळेत शिकवत नाहीत, घरी बघा म्हणतात. दहावीचं वर्ष आहे. आम्हाला फळ्यावर शिकवणारी बाई द्या.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता, पण पट टिकवायचा तर पालकांना दुखवून चालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, शनिवारी सभा घेऊ. पालकांचं समाधान झालं तर ठीक. नाही झालं तर दहावीचं गणित दुसऱ्यांकडे जाईल, तुम्ही पाचवी-सहावी घ्या आणि हे व्हिडिओ बंद.

बाई त्या मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. ही त्यांची शेवटची दहावी. त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या डबा न उघडता बसून राहिल्या. इतकी वर्षं बघतेय, बाई घाबरलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

"काढून घेतील गं माझी पोरं," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मला काही ओळखायला लावलं नाही.

मला युक्ती सुचली. म्हटलं, बाई, सभेत एखादं गणित घ्या आणि ठेवून द्या त्यात एक चूक. कुणीतरी पकडेलच. पालकांना तुमची पद्धत तिथल्या तिथे कळेल.

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. "पोरांना माहीत असतं की मी चूक करणार आहे, म्हणून तो खेळ. पालकांना माहीत नाही. त्यांच्याशी केला तर तो सापळा होईल. त्यांना फळ्यावर शिकवलेलं पाहिजे ना? मी फळ्यावर शिकवीन. सरळ शिकवीन."

शनिवारी पालक पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून दाटीवाटीने बसले होते. मीही मागे उभी होते. तक्रारीचे पुढारी म्हणजे परळच्या एका हॉस्पिटलात लिफ्ट चालवणारे एक गृहस्थ, मूळचे मालवणकडचे. शेजारी त्यांची बायको, पदर सावरून. गृहस्थ उठले आणि तोफ डागली.

"राग मानू नका बाई, पण दिवसभर खालीवर करून माणूस घरी येतो. वाटतं दोन बातम्या बघू. तर टीव्ही बंद, आणि तुमचं ते एक्स वर्ग चालू. मधेच थांबतं, पोरगी मला विचारते. मी काय मास्तर आहे? शिकवायचं काम शाळेचं. तुम्ही शाळेत शिकवा, आम्ही घरी जेवतो. सिंपल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मलाही ते अगदीच चूक वाटलं नाही.

बाई उठल्या. खुर्चीवरची पर्स उचलून टेबलावर ठेवली आणि खडू हातात घेतला. "तुम्हाला पाहिजे तसं शिकवून दाखवते. मग ठरवा."

आणि शिकवलं, काय शिकवलं! मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं. आवाज खणखणीत, अक्षर छापल्यासारखं. एका खोलीची लांबी रुंदीपेक्षा दोन फूट जास्त. खोली एकशेवीस चौरस फुटांची. तर लांबी-रुंदी किती? रुंदी एक्स मानली. एक्स वर्ग अधिक दोन एक्स वजा एकशेवीस बरोबर शून्य. पालकांचे चेहरे खुलत चालले. असं पाहिजे होतं, हेच तर म्हणत होतो. माझं लक्ष मात्र बाईंच्या हाताकडे होतं. दोन ओळींत दोनदा खडू मोडला.

दोन कंस पडले. एक्स वजा बारा, एक्स अधिक दहा. "म्हणजे रुंदी बारा फूट," बाई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "आणि लांबी त्याहून दोनने जास्त, चौदा—"

"थांबा!"

त्या गृहस्थांची बायको उभी राहिली होती. सगळे आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर बावरली, पण बसली नाही. "एकशेवीस फुटाची खोली आमचीच असा. दहा बाय बारा. ही चवदा खयसून इली?"

बाकांवर एकदम कालवा झाला. अरे हो, आमची पण दहा बाराच. बारा चौदा एकशेअडुसष्ट होतात. मग चुकलं कुठे? फळ्यावर तर सगळं बरोबर दिसतंय. आणि तेवढ्यात आमचे पुढारी, कुणी विचारलेलं नसताना, हात वर करून उठले. "चिन्हं उलटी पडली ना! गुणून बघा. मधलं पद वजा दोन येतंय, आपल्याला अधिक दोन पाहिजे. बारा अधिक टाका, दहा वजा."

पुढच्या बाकावरचा एक जण मागे वळून म्हणाला, "तुम्हाला कसं येतं हो?"

"म्हणजे काय? रोज कानावर आदळतंय," गृहस्थ म्हणाले आणि मग आपण काय बोलून बसलो ते कळून गप्प झाले. सगळी सभा हसायला लागली.

मुख्याध्यापकांनी संधी साधली. खुशीत टाळी वाजवून म्हणाले, "बघितलंत? बाईंनी मुद्दाम केली बरं का ही चूक! हीच त्यांची पद्धत!"

लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते. बाईंनी नुसती मान खाली घातली असती तरी दहावी त्यांची होती. बाई फळ्याकडे बघत होत्या. मग वळल्या.

"नाही सर. मुद्दाम नाही. खरंच चुकले मी. घाबरले होते."

हसणं थांबलं. मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. ते गृहस्थ अजून उभेच होते. ते सावकाश म्हणाले, "म्हणजे दहावीच्या बाई चुकतात? मग आमच्या पोरांनी काय करायचं?"

"तुम्ही केलंत तेच," बाई म्हणाल्या. आवाज मघासारखा खणखणीत नव्हता, रोजचा होता. "हातात खडू घेऊन मी अशी जन्मभर बोलत आले. त्यात किती वेळा चुकले असेन, देव जाणे. एकदाही कुणी थांबवलं नाही. पोरं उतरवून घ्यायची. माझी चूकसुद्धा सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन पाठ करायची. या फळ्यापाशी मला पहिल्यांदा थांबवलं ते आज, तुम्ही. दहावी कुणाकडे द्यायची ते ठरवा. फक्त जो येईल त्याला पोरांना थांबवता आलं पाहिजे, एवढं बघा."

एवढं बोलून त्या पुढच्या बाकाच्या कडेला, पालकांमध्येच, बसल्या. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसलेही नाहीत.

मुख्याध्यापक घसा खाकरून उठायच्या बेतात होते, तेवढ्यात ते गृहस्थ बाकातून बाहेर आले. "दहावी बाईंकडंच ऱ्हवांदे, सर," म्हणाले. इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही म्हटलं नाही. "पण हे असं अर्धवट टाकून घरी जाऊ नये." ते फळ्यापाशी गेले, पंजाने दोन्ही चिन्हं पुसली, खडू घट्ट धरून नवीन घातली, आणि खाली जाड अक्षरात लिहिलं, रुंदी दहा, लांबी बारा. मग शाळेतल्या पोरासारखे बाईंकडे वळले.

"बरोबर ना, बाई?"

बाईंनी मागे वळून बाकांकडे बघितलं.

"थांबा," मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "माका आदी गुणून बघूंदे."